निळ्या दिव्याखालचं विरजण

ग्लास ओठाला लावला होता, फेस मिशीला लागला होता, तेवढ्यात म्हशीखाली बसलेली बाई मान वर न करताच म्हणाली, “प्या की पावणं, बिनघोर प्या. सोडा न्हाय आमच्या दुधात.” मी काही विचारलं नव्हतं. गंगावेशीतल्या दूधकट्ट्यावर कुणी काही विचारतही नाही. म्हैस समोर उभी असते, धार समोर पडते, कोमट ग्लास हातात येतो. यात सोडा घालायचा म्हटलं तरी कधी घालणार? शेजारी उभा असलेला रिक्षावाला हसला आणि मला म्हणाला, “मावशी समद्यांस्नी सांगती. वरीस-वरीस येनाऱ्या गिऱ्हाइकाला बी सांगती. खोड हाय तिची.” मी हसलो असेन बहुतेक. हसण्याची जागा आली की हसायचं, ही माझी जुनी सवय. पण तो आवाज मी ओळखला होता. सात वर्षांपूर्वी एका खिडकीच्या पलीकडून तोच आवाज मला विचारत होता, “व्हय साहेब, तुमच्या औषधानं दिसलं?” आणि मी मान हलवली होती. उरलेलं दूध मी कसंबसं प्यालो, पैसे दिले आणि सायकल हातात धरून पंचगंगेच्या रस्त्यानं उगीचच चालत राहिलो. घर दुसऱ्या बाजूला होतं.

तिचं नाव चिमणाबाई. हे नाव मला पाठ असायचं कारण नाही. रत्नप्रभा डेअरीला दूध घालणारी माणसं तेव्हा बावीस होती आणि त्यांतली निम्मी मला चेहऱ्यानंसुद्धा आठवत नाहीत. पण हे नाव मी माझ्या हातानं लिहिलेलं आहे, निळ्या शाईनं, ‘सोडा आढळला’ या दोन शब्दांच्या पुढं, आणि खाली माझी सही आहे, शमशुद्दीन अमीन मुजावर, प्रयोगशाळा प्रमुख. प्रमुख म्हणजे काय, तर मी आणि बाटल्या धुणारी एक बाई. तरी त्या शब्दाचा मला केवढा तोरा होता! डेअरी खाजगी, मालक हंबीरराव, आणि डेअरीचं सगळं नाव श्रीखंडावर. श्रीखंड चक्क्यावर, चक्का दह्यावर आणि दही माझ्या विरजणावर. हे विरजण मी नऊ वर्षं जपलं होतं. रोज सकाळी नवं दूध उकळून, निववून, कालच्यातलं चमचाभर आजच्यात घालायचं, की पुढचा दिवस चालू. मेहरुन्निसा, माझी बायको, लोकांत थट्टेनं म्हणायची की यांच्या त्या बाटलीला आजवर कधी सर्दी झालेली नाही, आणि आमच्या घरातली एकूणएक माणसं शिंकतायत. आमच्या घरचं दहीही त्याच विरजणाचं होतं. आमच्या गल्लीत चार घरी तेच गेलेलं होतं, आणि त्या घरांतून आणखी कुठं गेलं असेल याचा हिशेब नाही. मला त्याचाही अभिमान होता.

बहात्तर सालच्या पाडव्याआधी महिनाभर मी हंबीररावांच्या मागं लागून मुंबईहून एक दिवा मागवला. विरजणाच्या खोलीत लावायचा, त्याच्या निळ्या उजेडानं हवेतले जंतू मरतात. दिवा आला, बसला, आणि मी नवरदेवासारखा हिंडायला लागलो. हंबीरराव पाहुण्यांना घेऊन यायचे, दाराची काच दाखवायचे आणि सांगायचे, “आमच्या शमशुद्दीननं बसवलाय. आख्ख्या जिल्ह्यात दुसरा न्हाय.” दिव्याबरोबर आलेल्या कागदावर लिहिलं होतं की दिवा चालू असताना खोलीत थांबू नये. मी तो कागद वाचला होता. पण माझ्या डोक्यानं असा हिशेब केला, की दिवा जंतू मारतो ना, मग विरजणाचं भांडं उघडायची वेळ ही तर सगळ्यांत धोक्याची वेळ, तेव्हाच दिवा हवा. म्हणून मी मुद्दाम दिवा लावून, त्याच्या खाली उभा राहून, झाकण काढून विरजण बदलत होतो. माझे डोळे लाल व्हायचे, रात्री वाळू गेल्यासारखे खुपायचे. मेहरुन्निसा गुलाबपाण्याच्या पट्ट्या ठेवायची आणि मी तिला सांगायचो, कामाचा ताण आहे. अडाण्यानं ही चूक केली नसती. अडाणी दिव्यापासून लांब राहिला असता. ही चूक करायला थोडं शिकलेला आणि फार हौशी माणूसच लागतो.

पाडव्याला नऊ दिवस उरले असताना दही लागलं नाही. एका टाकीचं नाही, तिन्ही टाक्यांचं. सकाळी झाकण काढलं तर दूध जसंच्या तसं, पातळ, कोमट, एक चमत्कारिक गोडसर वास येणारं. दुसऱ्या दिवशी तेच. चक्क्याची फडकी रिकामी लोंबत होती आणि बाहेर मिठाईवाल्यांची माणसं आगाऊ मागणीच्या चिठ्ठ्या घेऊन उभी होती. हंबीरराव माझ्या खोलीत आले, उभे राहिले, ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, “विरजान तर तुमचं झक्कास हाय. मंजी दुधातच काय तरी हाय. कुनाचं दूध हाय ते सांजच्याला मला नाव पायजे.” दूध फाटू नये म्हणून काही जण त्यात सोडा घालतात, आणि तशा दुधाचं दही नीट लागत नाही, ही गोष्ट दुधाच्या धंद्यातलं पोरसुद्धा जाणतं. माझ्या मनात एकदासुद्धा आलं नाही, की दोष विरजणात असेल. हे मी खरं सांगतोय का? आता इतक्या वर्षांनी मलाच कळत नाही. कदाचित आलं असेल, आणि मी दार लावून घेतलं असेल. मी बावीस परीक्षानळ्या मांडल्या. दुधात स्पिरिट आणि औषधाचे थेंब टाकायचे. सोडा असला तर गुलाबी रंग येतो. एकवीस नळ्या तपकिरी राहिल्या. बाविसावी, चिमणाबाईची, किंचित, अगदी किंचित गुलाबट झाली. म्हशीच्या कासेला सूज असली तरी दूध असं गुलाबट होतं, हे मी शिकलो होतो, परीक्षेत लिहून त्यावर गुणही मिळवले होते. पण संध्याकाळ होत आली होती आणि नाव हवं होतं.

हंबीररावांचा एक नियम होता. ज्याचं दूध खोटं निघेल त्यानं ते फाटकासमोर, सगळ्यांच्या देखत, आपल्याच हातानं ओतायचं. चिमणाबाई नदीपलीकडच्या गावातून तेरा लिटरचा डबा डोक्यावर घेऊन चालत यायची. ती फाटकात उभी राहिली. तिनं भांडण केलं नाही, रडारड केली नाही. खिडकीपाशी आली आणि तेवढंच विचारलं, जे मी वर लिहिलं. मी मान हलवल्यावर ती म्हणाली, “मग असंलच. औषध कशाला खोटं बोलंल?” आणि तिनं डबा आडवा केला. दूध उतारावरून गटारीकडे गेलं, आणि रांगेतल्या बायकांनी आपापली लुगडी सावरत पाय मागं घेतले. फळ्यावर खडूनं तिचं नाव पंधरा दिवस होतं. दरम्यान मी, माझं विरजण कधी न गेलेल्या एका घरून, दुसरं दही आणून नव्यानं विरजण उभं केलं. ते कसंबसं चाललं, पाडवा पार पडला, आणि सगळ्यांच्या लेखी हे सिद्ध झालं, की चिमणाबाईचं दूध बंद केलं म्हणून दही लागलं.

चौऱ्याहत्तर साली मला डेअरीनं कर्नालच्या दुग्धसंशोधन संस्थेत सहा आठवड्यांच्या शिबिराला पाठवलं. बरोबर मी माझं जुनं विरजण नेलं होतं. त्याची एक बाटली मी बर्फात राखून ठेवली होती, दिवा यायच्या आधीची, आठवण म्हणून, त्या पाडव्याच्या घाईतही न उघडलेली. तिथले शिकवणारे सर म्हातारे होते, हळू बोलायचे. त्यांना मी म्हणालो, हे बघा, नऊ वर्षं जपलेलं. त्यांनी त्यातले जिवाणू, जंतू वाढवायचा एक गाळीव, पारदर्शक रस असतो, त्यात वाढवले. रस गढूळ झाला, म्हणजे जिवाणू जोमात होते. मग त्यांनी तो रस एका उथळ बशीत ओतला, निळ्या दिव्याखाली धरला, मोजून काही सेकंद, आणि पुन्हा उबेला ठेवला. आम्ही जेवून आलो. गढूळ रस पाण्यासारखा निवळला होता. सगळे जिवाणू फुटून गेले होते. सरांनी सांगितलं, की या जिवाणूंच्या आत पहिल्यापासून एक विषाणू होता. विषाणू आला की दर वेळी यजमानाला मारतोच असं नाही. कधी कधी तो आपल्या वंशाचा धागा जिवाणूच्या धाग्यात गुंफून गप्प बसतो. जिवाणूची दोन होतात तेव्हा विषाणूचीही दोन होतात. वरून काही कळत नाही. तो जिवाणू खातो, वाढतो, दही लावतो. पण तो आता पहिला राहिलेला नसतो. त्याच जातीचा दुसरा विषाणू आला तर त्याला तो आत येऊ देत नाही. कधी तर त्याचा स्वभावच पालटतो. घशात बसणारा एक साधा, गरीब जंतू असतो, त्याच्या आत असा विषाणू शिरला की तो घटसर्पाचं विष तयार करायला लागतो. ते विष त्या जंतूचं नसतंच, आतल्याचं असतं. आणि मग एखाद्या दिवशी धक्का बसतो, उष्णतेचा, औषधाचा, नाही तर या दिव्याचा, आणि आतला जागा होतो. सरांनी बशी उजेडासमोर धरली आणि म्हणाले, बघा, किती स्वच्छ. बाकीचे वहीत लिहीत होते. मला मात्र आमच्या फाटकासमोरचा उतार दिसत होता आणि त्याच्यावरून जाणारं तेरा लिटर दूध.

मी परत आलो आणि पहिल्याच दिवशी दिव्याची तार सैल करून ठेवली. हंबीररावांना सांगितलं, दिवा गेला. ते म्हणाले, नवा मागवा. मी म्हणालो, आता त्याची गरज नाही, नवी पद्धत शिकून आलोय. पगारात वाढ झाली. चिमणाबाईचं गाव डेअरीपासून सायकलनं पाऊण तासाच्या आत आहे. मी त्या रस्त्यानं एकदाही गेलो नाही. उद्या जाऊ, म्हणत होतो. आधी म्हणालो पावसाळा संपू दे, मग म्हणालो हंबीररावांना आधी सांगायला हवं, मग म्हणालो एवढ्या जुन्या गोष्टीचं आता तिला काय. आणि एक गंमत अशी, की त्यानंतर मला दुसऱ्या कशाची लाज वाटेनाशी झाली. आधी मी एखादा आकडा इकडचा तिकडं केला तरी जेवण जात नव्हतं. आता फॅट कमी दाखवलं, मुदत उलटलेल्या डब्यावर नवी चिठ्ठी लावली, तरी काहीच होत नव्हतं. आत एक बसला होता, तो दुसऱ्या कुणाला शिरू देत नव्हता. लोकांत मात्र माझी कीर्ती अशी, की मुजावर साहेब फार कडक, दुसऱ्याची चूक बारीक असली तरी सोडत नाहीत. मेहरुन्निसालासुद्धा मी काही सांगितलं नाही. तिनं एकदा विचारलं होतं, की आता डोळे दुखत नाहीत ना तुमचे? मी म्हणालो, नाही.

तो आवाज ओळखला त्याच्या दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मी पुन्हा कट्ट्यावर गेलो. तिसऱ्या दिवशीही. तिनं मला ओळखलं नव्हतं. त्या काळी मी खिडकीआड, पांढरा कोट, डोक्याला टोपी, आणि मिशी नव्हती. रोज ग्लास देताना ती तेच वाक्य म्हणायची, आणि रोज मी ते ऐकायचो. शिक्षा म्हणून जात होतो म्हणावं, तर दूधही चांगलं लागत होतं, हे सांगायला लाज वाटते. पाचव्या दिवशी गिऱ्हाईक कमी होतं. मी विचारलं, “मावशी, सोड्याचं रोज का सांगता?”

“एकदा नाव गेलंया आमचं,” ती म्हणाली. तिनं म्हशीच्या कासेला पाणी मारलं. “डेरीत घालत हुतो. औषधात सोडा घावला. मी तर घातला न्हवता. मालक माझं अंथरुनावर पडून, लेक कृष्णात इचलकरंजीला मागावर. दूध काढनारी दोगीच, मी आनि सून. मी न्हवं, मंजी कोन?”

“सुनेला विचारलंत?”

“इचारलं? मारलं तिला.” हे तिनं सरळ सांगितलं, जसं तिनं काही वर्षांपूर्वी डबा सरळ आडवा केला होता. “बाळाबाई तिचं नाव. आजऱ्याची. पाय धरून म्हनत हुती, आत्ती, न्हाय घातला. मी म्हनलं, औषध खोटं बोलतंय व्हय? सा म्हैनं घर धुमसत हुतं. मग एक दिवस तीच म्हनाली, आत्ती, मी डबं सोड्यानं घासतो, त्यो आतच ऱ्हायला असंल, माझ्याच हातनं झालं असंल. तिला बी तसंच वाटाय लागलं बगा. मी तिला म्हायेराला धाडली. कृष्णात काय बोलला न्हाय. त्यो अजून बोलत न्हाय.”

मी ग्लास खाली ठेवला. कट्ट्याच्या दगडावर ठेवताना त्याचा आवाज मोठा झाला. मी म्हणालो, “मावशी, मी त्या डेअरीतला. खिडकीतला. नाव मी लिहिलं होतं.” तिचे हात थांबले. मी भराभर बोलत गेलो. सांगितलं, की सोडा नव्हताच, तुमच्या म्हशीची कास सुजली असणार. की दोष माझ्या विरजणात होता, त्या विरजणातल्या जंतूंच्या आत आणखी बारीक जंतू होते, ते आत झोपलेले होते, त्यांना माझ्या दिव्यानं जागं केलं. की मला ते ठाऊक नव्हतं, तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं, कोल्हापुरात तर नव्हतंच. शास्त्र सांगताना माझा आवाज आपोआप नीट झाला, शिबिरात झाला होता तसा, आणि ते माझं मलाच ऐकू आलं. ती माझ्याकडे बघत होती. म्हैस शेपटी मारत होती आणि बादलीत फेस हळूहळू बसत होता.

“सूज हुती,” ती शेवटी म्हणाली. “डाव्या अंगाच्या सडाला. मी हळद लावत हुतो.” एक गिऱ्हाईक आलं, तिनं हातानंच त्याला पलीकडच्या म्हशीकडं जायला सांगितलं. “बाळाबाईच्या हातनं काय बी झालं न्हवतं मंजी.”

“काही झालं नव्हतं. कुणाच्याच घरात काही झालं नव्हतं.”

“आनि ह्ये तुमाला कळलं कवा?”

हा प्रश्न येणार हे मला ठाऊक असायला हवं होतं. सात वर्षांत मी तिच्यासमोर कितीतरी वेळा मनातल्या मनात उभा राहिलो होतो, तिचा राग, तिच्या शिव्या, तिचं रडणं सगळं ऐकलं होतं. पण तिथं तिनं हा प्रश्न कधी विचारला नव्हता. मला खोटं सांगता आलं असतं. परवाच कळलं, म्हटलं असतं तरी तिला पडताळून बघायला काय साधन होतं? औषध तर माझ्याकडेच होतं.

“पाच वर्षं झाली,” मी म्हणालो.

ती बोटं मोजायला लागली नाही. तिला वर्षं तोंडपाठ असावीत. “पाच वरसांमागं बाळाबाई म्हायेरातच हुती,” ती म्हणाली. “काजूच्या कारखान्यात बी फोडाय जात हुती. बोटं काळी पडल्याली, म्हनून सांगत हुता कोनतरी. चार वरसांमागं बी हुती. त्या साली कृष्णात जाऊन आलता, मलाच सांगितलं न्हवतं. तिचा भाऊ म्हनला, घिऊन जावा, खरं सासूनं येऊन सांगाय पायजे, की हिनं काय केलं न्हाय. मी गेलो न्हाय. औषध खोटं बोलत न्हाय, म्हनून गेलो न्हाय.” तिनं पदरानं हात पुसले, दोन्ही बाजूंनी, सावकाश. “गेल्या साली मिरगाच्या आधी तिकडंच दुसऱ्या घरी तिचा पाट लागला. आता पोटुशी हाय म्हनत्यात.”

मी काहीतरी म्हणायला तोंड उघडलं. बहुधा माफी मागणार होतो.

“नगा,” ती म्हणाली. “नाव लिवलंसा ते चुकून लिवलंसा, सोडलं मी. मानसाच्या हातनं चुकतंय. ही पाच वरसं मातर चुकून न्हाईत.”

“नाहीत,” मी म्हणालो. खूप वर्षांनी कुणाला तरी मी एका शब्दात खरं उत्तर दिलं होतं, आणि त्याचा कुणालाही काही उपयोग नव्हता. कट्ट्यावर दिवे लागले होते, पलीकडं माणसं ग्लास हातात घेऊन हसत-बोलत उभी होती. मी म्हणालो, “मी आजऱ्याला जातो. तिला सांगतो.”

“काय सांगनार? त्ये दिवा आनि जंतू?”

मी मान हलवली.

“त्यातलं काय बी सांगू नगासा. निसतं म्हना, तुझ्या हातनं काय झालं न्हवतं. एवढंच. हात जोडून म्हना.” ती म्हशीकडं वळली, पुन्हा खाली बसली, आणि कासेला हात लावायच्या आधी माझ्याकडं न बघता म्हणाली, “आनि माझं नाव काढू नगासा. मी धाडलंय म्हटलंसा, तर ती तुमाला उंबऱ्याच्या आत घ्यायची न्हाय.”